इस्कंदरियाचं ग्रंथालय कोणी जाळलं?

वाचनाचा विषय निघाला की कुणीतरी मला हा किस्सा ऐकवतो. सेनापती अम्र इब्न अल्-आस यांनी इजिप्तमधलं इस्कंदरिया, म्हणजे अलेक्झांड्रिया जिंकलं आणि तिथल्या पुस्तकांचं काय करायचं, असं खलिफा हजरत उमर (रजि.) यांना विचारलं. उत्तर आलं, कुरआनशी जुळणारी पुस्तकं अनावश्यक, न जुळणारी घातक; नष्ट करा. मग सहा महिने शहरातले हमाम त्या पुस्तकांवर तापत राहिले.

किस्सा चटकदार आहे, पण खरा नाही. अरबांनी शहराचा ताबा घेतला इ.स. 642 मध्ये. ही गोष्ट लिखाणात येते ती 1200 च्या आसपास. मधल्या साडेपाचशे वर्षांत तिचा मागमूस नाही. निकिऊचा बिशप जॉन हा त्याच सातव्या शतकातला इजिप्तमधला ख्रिस्ती इतिहासकार. अरबांच्या विजयाबद्दल तो कडवटपणे लिहितो, पण ग्रंथालय जाळल्याचं सांगत नाही.

मुळात तोवर जाळायला उरलं होतं काय? इ.स.पू. 145 च्या सुमारास आठव्या टॉलेमी राजाने विद्वानांना शहराबाहेर हाकललं. इ.स.पू. 48 मध्ये ज्युलियस सीझरने बंदरात लावलेल्या आगीत पुस्तकं जळाल्याचं जुने लेखक सांगतात. जिथे एकेकाळी ग्रंथालयाची शाखा होती, ते सेरापियम मंदिर इ.स. 391 च्या सुमारास ख्रिस्ती जमावाने पाडलं. 415 मध्ये गणितज्ञ हायपेशियाचा तशाच जमावाने खून केला.

हा आरोप युरोपियनांनी रचला, असं आपल्यातले काही जण म्हणतात. तेही खरं नाही. तो आधी लिहिला अब्दुल लतीफ बगदादी आणि इब्न अल्-किफ्ती या मुस्लिम लेखकांनीच. उलट इंग्रज इतिहासकार गिबनने त्यावर शंका घेतली. पुढे शिबली नोमानींनी उर्दूत स्वतंत्र पुस्तिका लिहून तो खोडून काढला. खऱ्याखोट्याची वाटणी धर्मानुसार होत नसते.

म्हणून नुसतं ‘आम्ही जाळलं नाही’ एवढं सांगून माझं समाधान होत नाही. याच शहरात लिहिलेला टॉलेमीचा खगोलग्रंथ बगदादमध्ये अरबीत आला आणि पुढे युरोपला मुख्यतः अरबीतून मिळाला. ‘अल्माजेस्ट’ हे त्याचं नावच अरबी वळणाचं आहे. हा आपला खरा जबाब.

2002 मध्ये इस्कंदरियात समुद्रकिनारी नवं ग्रंथालय उभं राहिलं. 2011 च्या उठावात शहर पेटलेलं असताना तरुणांनी हातात हात गुंफून त्याभोवती साखळी केली. ग्रंथालयाच्या काचेलाही धक्का लागला नाही.

जुनं ग्रंथालय एका रात्रीत संपलं नाही. विद्वान गेले, राजाश्रय आटला, पुस्तकांच्या नव्या नकला होईनाशा झाल्या. आपल्या घरांत आजोबांच्या उर्दू-फारसी पुस्तकांना वाळवी लागते, तेव्हा कुठला सेनापती आलेला असतो?