बरी झाली म्हणजे काय झालं?

"आता बरी आहे की ती. सगळा स्वयंपाक करते." अंगावरून वारं गेलेल्या एका बाईच्या घरी भेट द्यायला गेले, तेव्हा सासूबाईंनी मला हे उंबऱ्यातच ऐकवलं. पक्षाघाताला तीन महिने झाले होते आणि फिजिओथेरपीला आणणं महिन्यापूर्वीच बंद झालं होतं. आत पाहिलं तर डावा हात मांडीत ठेवून बाई एकट्या उजव्या हाताने पीठ मळत होती. परात सरकू नये म्हणून ती भिंतीला टेकवून पायाने अडवलेली. थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकायला दहा वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. वेळ शाळेची होती.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या दोन्ही मनगटांना घड्याळासारखे पट्टे बांधून अभ्यास केले आहेत. पट्ट्यातलं यंत्र कोणता हात किती वेळ हलला याची नोंद ठेवतं. 2013 साली त्यांनी निरोगी माणसांची मापं प्रसिद्ध केली. दिवसभरात एक हात सुमारे नऊ तास, तर दुसरा साडेआठ तास कामात असतो. म्हणजे डावा हात नुसता सोबतीला, ही आपली समजूत खोटीच. 2017 साली त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. काही आठवडे कसून सराव केल्यावर चाचणीत रुग्णांचा हात सुधारला, पण घरी त्याचा वापर वाढला नाही.

त्या स्वयंपाकघरात मी जे पाहिलं ते हेच. फरक इतकाच, की तिथे ते मोजणारं कुणी नव्हतं. बाई चुलीपाशी परतली की ती बरी झाली, असं घर धरून चालतं, आणि खरं सांगायचं तर आम्ही रुग्णालयातली माणसंही. पुरुष रुग्णांच्या घरी मला बहुधा उलट दिसतं. बायको घास भरवते, बटणं लावते, आणि मायेपोटीच त्याचा हात निकामी राहतो. कामावर कधी परतणार, हे मात्र त्याला सगळे विचारतात.

म्हणून हे पट्टे आपल्या रुग्णालयांत यावेत असं मला वाटतं. "सगळं करते" या वाक्यासमोर ठेवायला एक आकडा तरी मिळेल. पण आकड्याला सगळं कळतं असंही नाही. कणीक मळली की माशी हाकलली, की चालताना हात नुसता हलला, हे साध्या पट्ट्याला ओळखता येत नाही. भांडी घासताना, कपडे धुताना बाईने तो काढून ठेवला, तर तिचे कष्टाचे तासच नोंदीतून गळणार. आणि बांगड्यांच्या शेजारी तो बसणार कुठे, हे बायकांना आधी विचारलेलं बरं!

मला खरी भीती वेगळीच आहे. हे आकडे नवऱ्याच्या किंवा सासूच्या हाती गेले, तर "काल दिवसभर लोळत होतीस" हे सुनावायला आणखी एक पुरावा मिळेल. त्यामुळे नोंद आधी तिला दाखवावी, तिला समजेल अशा भाषेत, आणि पुढे कुणाला दाखवायची ते तिने ठरवावं. मैत्रिणींनो, रुग्णालयांशी बोलताना आपण हा आग्रह धरायला हवा.

माझ्या रुग्णालयात असा पट्टा नाही. वही आहे. गृहभेटीच्या वहीत "घरकाम करू लागली" असं लिहिणं मी सोडलं आहे. कोणतं काम, कोणत्या हाताने, शेजारी मदतीला कोण बसतं, असं लिहिते. त्या सासूबाईंना पुढच्या भेटीत विचारलं, डाव्या हाताने ती काय काय करते? त्या बराच वेळ आठवत राहिल्या. फिजिओथेरपी आता आठवड्यातून एकदा पुन्हा सुरू झाली आहे. मुलीची शाळा मात्र अजून बुडतेच आहे.