जुन्या लॅपटॉपवरील न दिसणारा बोजा

जुना टेम्पो विकत घेताना कोणताही व्यापारी आधी आरसी पाहतो. तीवर बँकेच्या कर्जाची नोंद असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हाती आल्याशिवाय तो पैसे मोजत नाही. गाळा घेताना वकिलाकडून शोध-अहवाल घेतला जातो. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना तर दोनदा वाचला जातो. मात्र हाच चोखंदळ व्यापारी तीस-पस्तीस हजारांचा वापरलेला लॅपटॉप घेताना पडदा स्वच्छ आहे, कळफलक चालतो आणि बॅटरी दोन तास टिकते, एवढ्यावर समाधान मानतो. वस्तुतः लॅपटॉपवरही पूर्वीच्या मालकाचा बोजा शिल्लक असू शकतो, आणि तो कोणत्याही सार्वजनिक दप्तरात पाहावयास मिळत नाही.

सांगलीतील हळदीच्या एका पेढीचा अनुभव यासंबंधी बोलका आहे. पेढीच्या धाकट्या चिरंजीवांनी एका दुकानातून बत्तीस हजारांना मोठ्या कंपनीत वापरलेला लॅपटॉप आणला. चार महिने टॅली, ई-वे बिले, बँकेचे व्यवहार सारे सुरळीत चालले. पुढे यंत्र मंदावले म्हणून चिरंजीवांनी ते रीसेट केले. वाय-फाय जोडताच पडद्यावर बंगळूरच्या एका कंपनीचे नाव झळकले आणि त्या कंपनीच्या कर्मचाऱ्याचा ई-मेल व पासवर्ड मागण्यात आला. त्यापुढे यंत्र सरकेना. मुनीमजी रोज संध्याकाळी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घेत असत, म्हणून वह्या वाचल्या. वडिलांनी दुकानदारास फोन केला, तेव्हा उत्तर आले, “शेठ, चार महिने चालला ना? मग आमची जबाबदारी संपली.”

हे का घडते, ते समजून घेतले पाहिजे. मोठ्या कंपन्या शेकड्यांनी लॅपटॉप घेतात आणि प्रत्येकाची ओळख मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपलकडे स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवतात. विंडोजमध्ये या व्यवस्थेस ऑटोपायलट म्हणतात. ॲपलकडेही तशीच व्यवस्था असून तेथे ‘रिमोट मॅनेजमेंट’ असा पडदा येतो. ही नोंद लॅपटॉपच्या डिस्कवर नसते, ती दूरच्या सर्व्हरवर असते. त्यामुळे फॉरमॅट केल्याने किंवा डिस्क बदलल्याने ती पुसली जात नाही. गोदामाला रंग दिला म्हणून गहाणखत रद्द होत नाही, तसेच हे आहे. विक्रेत्याने पहिल्या मांडणीच्या वेळी इंटरनेट जोडलेच नाही, तर विंडोजचे यंत्र वरवर मोकळे दिसते आणि पुढच्या रीसेटपर्यंत तसेच चालते. सांगलीच्या पेढीवर हेच झाले होते.

काही यंत्रांची तर कंपनीशी असलेली जोडणी तुटलेलीच नसते. तेथे धोका रकमेहून मोठा आहे. अशा लॅपटॉपमधील सर्व माहिती त्या कंपनीचा संगणक विभाग दुरून पुसू शकतो. पेढीची उधारी, ग्राहकांची यादी, बँकेचे पासवर्ड अशा यंत्रावर ठेवणे म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली अनोळखी माणसाकडे राहू देणे होय.

मॅकबुकवर आणखी एक कुलूप असते, ‘ॲक्टिव्हेशन लॉक’. टी-2 किंवा एम मालिकेतील चिप असलेल्या यंत्रावर पूर्वीच्या मालकाने ‘फाइंड माय’ चालू ठेवले असेल, तर त्याच्या ॲपल खात्याचा पासवर्ड दिल्याविना ते यंत्र पुसल्यानंतर पुन्हा सुरू होत नाही. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून हार्डवेअरच्या माहितीत या लॉकची स्थिती पाहता येते. तेथे ‘डिसेबल्ड’ असे असले पाहिजे.

तिसरे कुलूप मदरबोर्डवरच, बायोसमध्ये असते. यंत्र सुरू होताना डेलवर एफ-2, एचपीवर एफ-10 आणि थिंकपॅडवर एफ-1 दाबल्यास बायोस उघडतो. तेथे पासवर्ड मागितला गेला, तर व्यवहार तेथेच थांबवावा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड हरवला, तर कंपनीचा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणे हा आहे. बायोस उघडल्यास सुरक्षेच्या भागात ‘ॲब्सोल्यूट’ किंवा ‘कॉम्प्युट्रेस’ हे नाव शोधावे. ही चोरीविरोधी व्यवस्था कार्यान्वित असेल, तर विंडोज नव्याने टाकले तरी ती स्वतःला पुन्हा बसवून घेते.

बिटलॉकरने मात्र लोक उगाच घाबरतात. अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागणारा तो निळा पडदा जुनी माहिती झाकून ठेवतो. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकता येते आणि यंत्र अडून राहत नाही.

तपासणीसाठी दुकानात तास-दीड तास बसण्याची तयारी हवी. घाई असेल तर दुसऱ्या दिवशी जावे. प्रथम विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’खाली ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडून पाहावे आणि मॅकवर ‘प्रोफाइल्स’ किंवा ‘डिव्हाइस मॅनेजमेंट’ पाहावे. तेथे कोणत्याही संस्थेचे नाव नसावे. त्यानंतर विक्रेत्यास समोरच यंत्र पूर्ण रीसेट करण्यास सांगावे आणि पहिल्या मांडणीच्या वेळी स्वतःच्या मोबाइलचे इंटरनेट जोडावे. खरी परीक्षा हीच. परक्या संस्थेचे नाव न येता मांडणी पार पडली, तरच रक्कम द्यावी. ऑटोपायलट विंडोजच्या होम आवृत्तीवर चालत नाही. त्यामुळे कंपनी-श्रेणीच्या लॅपटॉपवर होम आवृत्ती दिसली, तर ती का टाकली हे विचारण्यास संकोच करू नये.

“नाव आले तरी आमचा माणूस काढून देतो,” असे सांगणारे प्रत्येक बाजारात भेटतात. ते कुलूप चुकवून देतात, नोंद मात्र तशीच राहते. ती काढण्याचा सरळ मार्ग मूळ कंपनीकडूनच जातो. विक्रेत्याने खरोखर लिलावात माल उचलला असेल, तर त्याच्याकडे कागद असतो आणि कंपनीस अनुक्रमांक कळवून नोंद काढवून घेणे त्यास जड जाऊ नये. कागदच नसेल, तर प्रश्न निराळा होतो. 1930 च्या माल विक्री कायद्याचे कलम 27 सांगते की, काही अपवाद वगळता, विकणाऱ्याचा जेवढा हक्क असेल त्याहून अधिक हक्क घेणाऱ्यास मिळत नाही. बिलाविना दोन हजार कमी करण्याचा मोह म्हणूनच महाग पडतो. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक आणि ‘कंपनीचे किंवा खात्याचे लॉक निघाल्यास पूर्ण रक्कम परत’ ही ओळ दुकानाच्या शिक्क्यासह लिहून घ्यावी.

सांगलीच्या पेढीकडे सुदैवाने अनुक्रमांक असलेले पक्के बिल होते. वडिलांनी ते जोडून बंगळूरच्या कंपनीस ई-मेल केला. यंत्र रीतसर विकले गेले होते, नोंद काढावयाची तेवढी राहून गेली होती. अकराव्या दिवशी ती निघाली. तोवर मुनीमजींनी महिन्याचे विवरणपत्र पुतण्याच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर भरले. त्यानंतर पेढीचा स्वतःचा जुना मॅकबुक भाच्याला देण्याची वेळ आली, तेव्हा वडिलांनी चिरंजीवांना समोर बसवून आधी ‘फाइंड माय’ बंद करावयास लावले, ॲपल खात्यातून बाहेर पडावयास सांगितले, यंत्र पुसून घेतले आणि मगच ते पिशवीत घातले.