आधी रूळ की आधी घरे?

परवा भाची पुण्याहून आली होती. "मामा, आता स्वारगेटहून थेट पिंपरीला मेट्रोने जाता येतं, तेही मंडईच्या खालून!" असे कौतुकाने सांगत होती. मग मध्येच थांबून म्हणाली, "अशी रोजची गाडी इथून सांगलीला असती, तर मी पुण्याला गेलेच नसते." माझी बहीण काहीच बोलली नाही. पण पलूसमध्ये घरोघरी हीच कथा आहे. मुलगा पुण्यात, सून पुण्यात आणि इथे दोन म्हातारी माणसे आणि गोठ्यातली म्हैस.

पुण्याच्या मेट्रोवर किती वाद झाला, ते आपण सर्वांनी पाहिले. मेट्रो खांबावरून न्यायची की भुयारातून? मुठेच्या पात्रालगतचा मार्ग योग्य की अयोग्य? त्याआधी २००६ मध्ये बीआरटीचा प्रयोग झाला, त्यावरही रणे माजली. २०२१ मध्ये तर लकडी पुलावरच्या मेट्रोखालून गणपतीचे रथ जाणार कसे, म्हणून मंडळांनी काम अडवले. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या या प्रकल्पाची पहिली गाडी ६ मार्च २०२२ रोजी धावली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती भुयारातून स्वारगेटला पोचली. मंजुरीच्या वेळचा खर्च होता, सुमारे ३१ किलोमीटरला ११,४२० कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरमागे साडेतीनशे कोटींहून अधिक!

एवढा खर्च का आला? मला वाटते, याचे उत्तर क्रमात आहे. मुंबईत आगगाडी १८५३ मध्ये आली आणि विजेची लोकल १९२५ मध्ये. उपनगरे पुढे या रुळांच्या कडेने वाढत गेली. तिथे आधी रूळ, मग घरे. पुण्यात उलटे झाले. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, तिने पिंपरी-चिंचवडच्या कामगारांची मोठी सोय केली. पण शहर त्या एका मार्गाची वाट पाहत थांबले नाही. कोथरूड, कात्रज, हडपसर अशी चहूकडे घरे झाली, घरागणिक दुचाक्या आल्या, आणि मग रुळांना जागा शोधायला जमिनीखाली उतरावे लागले.

आता आपल्याकडे वळू. कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, आमणापूर, भिलवडी, सांगली, विश्रामबाग, मिरज आणि पुढे जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर. ही नावे एका दमात म्हणून पाहा. कारखाने, महाविद्यालये, दवाखाने, बाजारपेठा, सगळे एकाच रुळावर ओवलेले आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर कारखाना काढला, तो कुंडल रोड स्टेशनच्या शेजारी. त्या स्टेशनचे नावच पुढे किर्लोस्करवाडी झाले. निवडुंग आणि साप यांच्या त्या माळावर एकच भांडवल होते, ते म्हणजे शेजारून जाणारी आगगाडी!

माझ्या तरुणपणी हा मार्ग एकेरी होता. समोरची गाडी येईपर्यंत आपली उभी. डब्यात पत्त्यांचे डाव रंगत. पण २०१६ मध्ये पुणे-मिरज-लोंढा दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली: ४६७ किलोमीटर, ३,६२७ कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरमागे आठ कोटींच्या आत. मेट्रोशी ही तुलना तंतोतंत नव्हे, हे मला कळते. तिथे भुयारे, स्थानके, गाड्या असे सगळेच नवे. पण मुद्दा स्पष्ट आहे. आमच्या पट्ट्यात दुसरा रूळ पडला, वर विजेची तारही आली. पुण्याने ज्यासाठी एवढे पैसे आणि एवढी वर्षे घालवली, ते आपल्या दाराशी तयार आहे. नाही ती रोज अपडाउन करणाऱ्यांसाठी तासातासाने धावणारी लोकल. आज गाड्या आहेत, पण त्यांचे गणित मुख्यतः दूरच्या प्रवाशांचे.

पारावर हा विषय काढला, तर लगेच शंका येतात. एक गृहस्थ म्हणाले, "एसटी गावात येते, स्टेशन राहिलं कुठं!" खरे आहे. पलूस आणि कुंडलहून स्टेशन चालत जाण्याजोगे नाही. २०२३ मध्ये एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तेही मोठे आकर्षण. दुसरे म्हणाले, "डबे रिकामे धावले, तर तोटा कोण सोसणार?" हीही शंका रास्त आहे. सकाळी कॉलेजची वेळ टळल्यावर येणारी गाडी रिकामीच धावणार. तिच्या रिकामेपणावरून "मागणी नाही" असा निष्कर्ष काढला, तर मागणी कधीच दिसणार नाही.

म्हणून मागायचे, ते नेमके मागावे. नवा मार्ग नको, भूसंपादन नको. कराड ते कोल्हापूर सकाळ-संध्याकाळ ठराविक अंतराने छोट्या गाड्या द्याव्यात आणि निदान वर्षभर त्या वेळा बदलू नयेत. स्टेशनवर गाडी लागताच पलूस-कुंडलची एसटी बाहेर उभी असावी. विश्रामबागला उतरले की विलिंग्डन आणि वालचंद ही महाविद्यालये जवळ, मिरजेला उतरले की दवाखाने. संध्याकाळी दिवेलागणीला मुलगी घरी पोचेल एवढी खात्री मिळाली, तर कितीतरी आईबाप तिला पुढे शिकवायला तयार होतील.

सांगली-मिरज-कुपवाड आणि कोल्हापूर वाढत आहेत, ही वाढ थांबणार नाही. प्रश्न एवढाच, की ती रुळांच्या कडेने होऊ द्यायची की बायपासच्या कडेने पसरू द्यायची. घरे झाल्यावर वाद घालण्याची किंमत पुण्याने मोजली आहे. आपल्याला आज फक्त वेळापत्रकाचा वाद घालायचा आहे.

आज संध्याकाळी भाचीला सोडायला मी किर्लोस्करवाडीला जाणार आहे. गाडी पुण्याची आहे. सांगलीला रोज जाऊन-येऊन शिकण्याचे तिचे वय मात्र निघून गेले. तिची धाकटी बहीण यंदा बारावीला आहे.