क्रेडिट हवं, ग्रेड नको

‘मुलं जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची. त्यांना कॉलेजची मोजपट्टी कशाला लावता?’ हा सवाल इथल्या एका मराठी अंकात नुकताच वाचला. लेखक आमच्या ओहायोतलेच, पालकांच्या वतीनं लिहिणारे. त्यांच्या मागण्या थोडक्यात अशा: हायस्कूलमध्ये असताना कॉलेजचे कोर्स घेणाऱ्या मुलांना प्राध्यापकांनी गुण देताना सांभाळून घ्यावं. ग्रेड कमी आली तर ती कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर चढवू नये, नुसतं ‘पास’ लिहावं. गुण पालकांना थेट कळवावेत. आणि क्रेडिट? ते मात्र पूर्ण मिळावं, त्यात तसूभरही कपात नको.

मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. माझ्या वर्गात अशी मुलं दरवर्षी असतात आणि मला त्यांचं कौतुक आहे. म्हणूनच या लेखाचा राग आला.

ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हायस्कूलच्या मुलांनी कॉलेजात जाऊन शिकावं आणि खर्च सरकारी पैशातून व्हावा, ही सोय मिनेसोटानं 1985 मध्ये राज्यभर सुरू केली. वॉशिंग्टन राज्यानं 1990 मध्ये कायदा केला. ओहायोत 2015-16 पासून ‘कॉलेज क्रेडिट प्लस’ आहे. सातवी ते बारावीचा पात्र विद्यार्थी कॉलेजचा कोर्स घेऊ शकतो, आणि सरकारी शाळेतून सरकारी कॉलेजात गेला तर फी नाही, पुस्तकांचा खर्चही नाही. तीन क्रेडिटचा कोर्स म्हणजे हायस्कूलचं अख्खं एक युनिट. शाळेत ज्याला वर्ष लागतं ते एका सेमिस्टरमध्ये पदरात पडतं, आणि तेच क्रेडिट पुढे पदवीलाही चालतं. शाळा एपी, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या, कोर्सला जादा वजन देत असेल तर त्या विषयातल्या कॉलेज कोर्सलाही तेवढंच द्यावं लागतं. ग्रेड मात्र दोन्हीकडे लागते, शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर आणि कॉलेजच्याही. या सगळ्या यादीतली ही एवढी शेवटची गोष्ट लेखकमहाशयांना नकोशी आहे.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. क्रेडिट ठेवून ग्रेड काढून टाकता येत नाही. क्रेडिट ही दुसऱ्या कॉलेजला दिलेली हमी असते: या विद्यार्थ्याला एवढं येतं, तुम्ही पुढचं शिकवायला घ्या. ओहायोत ‘ट्रान्सफर 36’ नावाची व्यवस्था आहे. तिच्यामुळे एका सरकारी कॉलेजातले पायाभूत कोर्स दुसऱ्या सरकारी विद्यापीठाला मान्य करावे लागतात. पुढचा प्राध्यापक त्या मुलाची परीक्षा पुन्हा घेत नाही. तो आपल्या शब्दावर विसंबतो. त्या शब्दात दया मिसळली की किंमत मोजतं ते मूलच, आणि तेही पुढच्या वर्गात, जिथे दया दाखवणारे आपण नसतो.

माझ्या दुसऱ्या कॅल्क्युलसच्या वर्गातली एक उत्तरपत्रिका सांगते. अकरावीतला मुलगा, हुशार, वर्गात पहिल्या बाकावर. प्रश्न त्रिकोणमितीच्या प्रतिस्थापनानं सोडवायचा होता, कारण आत ‘क्ष वर्ग अधिक नऊ’चं वर्गमूळ होतं. त्यानं पहिल्याच ओळीत त्या वर्गमुळाच्या जागी ‘क्ष अधिक तीन’ लिहिलं. पुढची मांडणी नेटकी, अक्षर सुरेख, उत्तराखाली दोन रेघा. मी त्याला बोलावून म्हटलं, क्षच्या जागी चार घाल. वर्गमूळ येतं पाच आणि त्याच्या लिहिण्याप्रमाणे येतात सात. त्यानं ते क्षणात पाहिलं. चेहरा उतरला आणि म्हणाला, ‘पण मला आधीच्या कोर्सला बी होती.’

ती बी कशी आली ते बोलता बोलता कळलं. कोर्स कॉलेजचा, पण भरत होता त्याच्या शाळेतच. चाचणी बिघडली की पुन्हा द्यायची सोय, सगळ्यांत कमी गुणांचे दोन पेपर हिशेबातून वगळलेले, शेवटी जादा गुणांसाठी भित्तिपत्रक. कोणाचाच हेतू वाईट नव्हता. सगळ्यांना मूल नाउमेद व्हायला नको होतं. आणि त्या सगळ्या प्रेमळ माणसांनी मिळून बीजगणितातलं एक मोठं भोक त्याच्यापासून दोन सेमिस्टर लपवून ठेवलं. माझ्या वर्गात ते उघडं पडलं तेव्हा सेमिस्टर निम्मं उलटलं होतं. त्यानं कोर्स सोडला, ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे ‘विथड्रॉ’चा शेरा, लागला. आधी खरी सी मिळाली असती, तर तो माझ्या वर्गात इतक्या घाईनं आलाच नसता. अंकातले लेखक जिला क्रूरता म्हणतात ती सी त्याला वेळेवर मिळालेली सूचना ठरली असती.

आणि त्याच खोलीत दुसऱ्या बाकावर कोण बसतं हेही त्यांनी पाहावं. गोदामातली रात्रपाळी संपवून थेट वर्गात येणारी बाई असते. तिची फी तिच्या पगारातून जाते. पेपर तोच, प्रश्न तेच. मुलाच्या वयाकडे पाहून मी त्याची सी बी केली, तर तिला काय सांगू? तिचं वय जास्त आहे म्हणून तिचं वर्गमूळ जास्त चुकलं?

शिवाय कॉलेज क्रेडिट प्लसमध्ये मुलाला आणि पालकाला एका कागदावर सही करावी लागते: कोर्समध्ये प्रौढांसाठीचा मजकूर असू शकतो आणि हायस्कूलचं मूल वर्गात आहे म्हणून तो बदलला जाणार नाही. सही केली तेव्हा वय आडवं आलं नाही. ग्रेड लागताना बरं आठवतं.

हा वाद आपल्या लोकांना नवा नाही. ग्रेस मार्कांवर, एटीकेटीवर आपण घराघरांत भांडलो आहोत. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं आणि 2019 च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीच्या परीक्षेची वाट पुन्हा मोकळी केली, तेव्हाही दोन्ही बाजूंनी हेच बोललं गेलं. नापास करू नका म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं मला तेव्हाही पटत होतं: नापासाचा शिक्का काहीच शिकवत नाही. पण भागाकार न येणाऱ्या मुलाला वर ढकलूनही भागाकार येत नाही, त्याचं काय? त्याच्याजवळ बसून शिकवणारं माणूस हवं, ही मागणी रेटायला कोणी उभं राहिलं नाही. गुणांवर भांडणं सोपं, शिकवण्याची तजवीज करणं अवघड. इथल्या लेखातही शिकवण्याबद्दल एक ओळ नाही.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. नुसत्या ‘पास’नं मुलाचंच नुकसान होतं. पुढच्या कोर्सची पूर्वअट किंवा मेजरमधला विषय म्हणून अनेक विद्यापीठं सी किंवा त्याहून वरची ग्रेड मागतात. पालकांना थेट गुण कळवण्याचं म्हणाल, तर शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा 1974 चा फेर्पा कायदा आहे. मूल कॉलेजात शिकू लागलं की तिथल्या नोंदींवरचा हक्क त्याचा, वय कितीही असो. शाळेकडे आलेली नोंद पालक शाळेत पाहू शकतात. तेवढं पुरे.

एक भीती मात्र खरी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. ही ग्रेड मागे लागते. वैद्यकीय शिक्षणासाठी जो एएमसीएएसचा सामायिक अर्ज असतो, त्यात हायस्कूलमध्ये घेतलेले कॉलेज कोर्सही दाखवावे लागतात आणि जीपीएत धरले जातात. कोर्स पुन्हा घेतला तर दोन्ही ग्रेड मोजल्या जातात. केंद्र सरकारची मदत किंवा कर्ज घ्यायचं तर ‘समाधानकारक प्रगती’ दाखवावी लागते: बहुतेक कॉलेजांत जीपीए 2.0 आणि घेतलेल्या क्रेडिटांपैकी सुमारे 67 टक्के पूर्ण. डब्ल्यू लागलेला कोर्स ‘घेतलेला’ धरतात, ‘पूर्ण’ नाही. पुढे त्याच कॉलेजात गेलं तर सोळाव्या वर्षीचे डब्ल्यू तिथे वाट पाहत असतात. दुसरीकडे गेलं तर बरीच विद्यापीठं क्रेडिट घेतात पण जुनी ग्रेड आपल्या जीपीएत मिसळत नाहीत, तेवढा दिलासा असतो.

पण मग एवढं माहीत असताना नववी-दहावीतल्या मुलाला एकदम चार कोर्स कोण घ्यायला लावतं? फुकट आहे, घेऊन टाक, असं कोण म्हणतं? शेजारच्या मुलीनं हायस्कूल संपेपर्यंत साठ क्रेडिट जमवली हे जेवणाच्या टेबलावर कोण सांगतं? या प्रश्नांना त्या लेखात जागा नाही. मुलाला खोल पाण्यात आपण उतरवायचं आणि खोली दाखवणारी पट्टी मोडा म्हणायचं, हे मला मान्य नाही.

राज्याच्या नियमात एक चांगली तरतूद आहे आणि तिला पालक उगाच घाबरतात. कॉलेज कोर्सांमधला जीपीए 2.0 च्या खाली गेला किंवा एकाच सत्रात दोन कोर्स सोडले, तर मूल प्रोबेशनवर जातं आणि पुढच्या सत्रात त्याला एकच कोर्स घेता येतो. मी तर म्हणेन, पहिलं सत्र सगळ्यांनीच एका कोर्सचं ठेवावं, प्रोबेशन असो नसो. गणितात पहिला कोर्स निवडताना पात्रता परीक्षेनं दाखवलेल्या पायरीवरूनच सुरुवात करावी, तिच्या वर उडी नको. शाळेतल्या समुपदेशकानं डब्ल्यूच्या शेवटच्या तारखेच्या दोन आठवडे आधी प्रत्येक मुलाशी बसून बोलावं, ग्रेड लागल्यावर नव्हे. कॉलेजनंही शिकवणी केंद्राच्या वेळा शाळा सुटल्यानंतरच्या ठेवाव्यात. आज कित्येक मुलं बसनं परत जातात तेव्हा ते केंद्र उघडं असूनही त्यांच्या कामाचं नसतं.

हे सगळं करूनही सी आली तर ती लागू द्यावी. त्या लेखकांचं मूल माझ्या वर्गात आलं आणि पहिल्या चाचणीत अडखळलं, तर त्यांनी जरूर यावं. मुलानं लेखी परवानगी दिली की मी उत्तरपत्रिका समोर ठेवून, कुठली ओळ कुठे चुकली ते दोघांनाही दाखवेन. डब्ल्यूची तारीख तोवर गेलेली नसेल.