नांव एक, माणसें दोन

गेल्या पितृपक्षांत आमच्या घरीं एक चूक घडली. तिचें मूळ संगणकांत सांपडलें, म्हणून ती वाचकांपुढें मांडीत आहों.

आमच्या पुतण्यानें घराण्याचा वृत्तान्त संगणकावर घातला असून त्यासाठीं एक वेबपृष्ठहि स्वतःच रचलें आहे. श्राद्धतिथींची यादी सूनबाई त्यावरूनच काढतात. त्या यादींत आमच्या तीर्थरूपांची तिथि आलीच नाहीं. दिवस उलटल्यावर आम्हीं पृष्ठास त्यांचें नांव विचारलें, तों सहा वर्षांच्या नातवाची जन्मतिथि पुढें आली!

आमच्या आजोबांचें नांव विष्णु, वडिलांचें त्र्यंबक. आमच्या चिरंजीवांस त्यांच्या पणजोबांचें नांव ठेविलें, नातवास त्याच्या पणजोबांचें. म्हणजे 'त्र्यंबक विष्णु' दोन झाले. आडनांव तर एकच. आतां १९९५ सालीं निघालेल्या जावास्क्रिप्ट भाषेंत 'ऑब्जेक्ट' नामक संग्रह असतो. कपाटाच्या खणांवर चिठ्ठ्या लावाव्या तसा तो असतो. चिठ्ठीस 'की' म्हणतात. एका चिठ्ठीचा खण एकच. दुसरा त्र्यंबक आला तेव्हां पहिल्याची माहिती पुसली गेली, आणि यंत्रानें हूं कीं चूं केलें नाहीं.

पुतण्यानें मग नांवाऐवजीं माणसाची सबंध नोंदच चिठ्ठीच्या जागीं लावून पाहिली. परंतु ऑब्जेक्टला चिठ्ठी अक्षरांची लागते. 'सिम्बल' हा एक अपवाद. तो अशा प्रत्येक नोंदीस '[ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट]' हें एकच नांव देतो. एकेचाळीस माणसें एका खणांत! बारशाच्या आत्याबाईंनींहि इतकी कंजुषी कधीं केली नसती.

२०१५ सालीं त्याच भाषेंत 'मॅप' हा दुसरा संग्रह आला. त्यास कोणतीहि वस्तु चिठ्ठी म्हणून चालते, आणि अशी नोंद ती स्वतः कोणती यावरून ओळखली जाते, नांवावरून नव्हे. नैयायिकांस हें आवडावें. (चिठ्ठीवर नुसतें नांवच लिहिलें, तर मात्र मॅपहि तसाच फसेल.) शिवाय मॅपमधील नोंदी घातल्या त्याच क्रमानें निघतात. ऑब्जेक्टमध्यें पूर्णांकांच्या चिठ्ठ्या चढत्या क्रमानें आधीं पुढें येतात; मग वडीलधाऱ्यांचा मान कोठें राहिला?

तथापि ऑब्जेक्ट टाकाऊ नव्हे. एका माणसाचें नांव, गांव, तिथि हीं ठराविक कलमें त्यांतच शोभतात. वाढत्या-बदलत्या यादीस मॅप बरा, असें आमचें मत झालें. पुतण्यानें तसें केलें. परंतु साठविण्यासाठीं तो मॅप 'जेसन' या लेखनपद्धतींत उतरविला, तों हातीं दोन रिकामे कंस आले. मॅपची आधीं जोड्यांची यादी करावी लागते, हें तो विसरला होता. तशी यादी केली तरी परत वाचलेली नोंद ही नवी वस्तु ठरते. ती दिसावयास तीच, पण जुनी नोंद दाखविली तर मॅप ओळख देत नाहीं.

अखेर प्रत्येकास एक क्रमांक दिला व तोच मॅपची चिठ्ठी केला. वडिलांचा क्रमांक १७, नातवाचा ४१. वडिलांचें राहिलेलें श्राद्ध सर्वपित्री अमावास्येस केलें. पानावर नातूहि शेजारीं बसला होता.