चौथा टॅक्सीवाला

१०८ ॲम्ब्युलन्सवरच्या माझ्या लेखानंतर एका वाचकाने फोन करून मला चांगलंच झापलं. "तुम्ही अजून रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सलाच धरून बसलायत. अहो, परदेशात रात्री दोन वाजता गच्चीवर हेलिकॉप्टर उतरतं!" पुरावा म्हणून व्हिडिओही आला. मागणी अशी, की गिरगावात पुनर्विकासाचे जे टॉवर उठतायत त्यांच्या माथ्यावर हेलिपॅड सक्तीचे करा. ही मागणी मान्यही होईल. हेलिपॅडला फीत लागते, कात्री लागते आणि एक मंत्री लागतो. तिन्हींचा आपल्याकडे तुटवडा नाही.

मला मात्र एक जुनी रात्र आठवली. जुलै महिना, मोबाइल खिशात यायच्या आधीचा काळ. मामांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांचे डॉक्टर आणि कागद, दोन्ही शीवला. ठाकूरद्वारच्या नाक्यावर छत्री उलटी होत होती आणि मी टॅक्स्यांना हात करत होतो. पहिल्याने मान हलवली. दुसऱ्याने काच अर्धी खाली केली, 'शीव' ऐकलं आणि परत वर केली. तिसऱ्याने न बोलता मीटरवर फडकं टाकलं. तिघांनाही मी मोजून शिव्या दिल्या. चौथा थांबला. कोवळा पोरगा, शहरात नवा. "बसा." हिंदमाताला पाणी सीटला लागलं, इंजिन बसलं आणि मामांना आम्ही हातगाडीवर घालून बाहेर काढलं. नंतर कळलं, नाक्यावरच्या गाड्या परळकडूनच परतत होत्या. तिथे पाणी भरल्याचं त्या तिघांना ठाऊक होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि चौथ्याला कोण कळवणार?

एकाचा नकार न कळवता पुढच्याला विचारत जायचं, याला हेलिकॉप्टरवाल्यांत 'हेलिकॉप्टर शॉपिंग' म्हणतात. १३ जुलै २००४, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातलं न्यूबेरी. उजाडायला अवकाश होता, हायवेवर एक जखमी. तीन सेवांनी नकार दिला; त्यातलं एक हेलिकॉप्टर तर निघून धुक्यामुळे माघारी फिरलं होतं. चौथी सेवा 'येतो' म्हणाली. आधीच्या तिघांचं त्या वैमानिकाला कुणी सांगितलंच नव्हतं. जखमीला घेऊन उडाल्यावर थोड्याच वेळात हेलिकॉप्टर झाडांत कोसळलं. वैमानिक, नर्स, पॅरामेडिक आणि रुग्ण, चौघेही गेले.

तिथल्याच १९८३ ते २००५ मधल्या १८२ वैद्यकीय हेलिकॉप्टर अपघातांचा अभ्यास झालाय. अंधारातल्या अपघातांपैकी ५६ टक्के जीवघेणे, बाकीच्यांत हेच प्रमाण २४ टक्के. २०१४ मध्ये नियम कडक झाले, जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं झालं. मला त्याहून आवडते ती तिथल्या अनेक सेवांची साधी रीत: उड्डाणाचा निर्णय होईपर्यंत वैमानिकाला रुग्णाबद्दल काही सांगायचं नाही. लहान मूल आहे म्हटलं, की ढगही विरळ दिसायला लागतात.

आपल्याकडचा दाखला हवा? ४ नोव्हेंबर २०१५ च्या संध्याकाळी बॉम्बे हायवर पवनहंसचं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, दोन्ही वैमानिक गेले. तेलफलाटावर रात्री उतरण्याचा सराव चालू होता. सराव! रुग्ण नाही, रडणारे नातेवाईक नाहीत. काळ्या पाण्यावर क्षितिज नसतं आणि कानातला तोल बिनदिक्कत खोटं सांगतो. गिरगावात दिवे भरपूर आहेत, कबूल. पण गच्च्यांवर वायरी आहेत, मोबाइलचे मनोरे आहेत आणि बांधकामाच्या क्रेनचे हात आठवड्याला जागा बदलतात. ऋषिकेशच्या एम्सची हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्स मे २०२५ मध्ये केदारनाथला उतरताना शेपूट मोडून बसली, तीही दिवसाढवळ्या. आतले तिघे बचावले.

म्हणून वाचकमहाशयांना माझा उलट प्रश्न: तुमच्या हेलिपॅडवर 'नाही' कोण म्हणणार, आणि ते 'नाही' पुढच्या वैमानिकापर्यंत कोण पोचवणार? सभेला उशीर झालेल्या पुढाऱ्याला "साहेब, उजेड गेला" असं ऐकवणाऱ्या वैमानिकाला पुढच्या महिन्यात कुठली ड्युटी मिळते, याचा माझ्याकडे पुरावा नाही. पैज मात्र लावायला तयार आहे.

मामा वाचले, पुढे बारा वर्षं जगले. गणपतीत पाहुणे जमले, की त्या रात्रीचा किस्सा रंगवून सांगायचे. त्यात पहिले तिघे नालायक असत आणि चौथा देवमाणूस.

— ठाकूरद्वारकर