टाकीवर सूर्य टांगू नका

घरात प्रवाळाची टाकी मांडायची म्हटले की दिव्याबद्दल एकच सल्ला मिळतो : जमेल तेवढा मोठा घ्या. त्यामागचा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, ते प्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पोसते. भर दुपारी उष्ण समुद्राच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल इतका शैवालाच्या कामाचा प्रकाश, म्हणजे ‘पार’, पडतो. तेव्हा दिवा त्या आकड्याच्या जितका जवळ तितका उत्तम. यातली पहिली दोन विधाने खरी आहेत, निष्कर्ष मात्र खोटा. शैवालाची प्रकाश पचवण्याची ताकद एका हद्दीला थांबते. त्यापुढचा प्रकाश अन्न वाढवत नाही. तो ऑक्सिजनची घातक रूपे निर्माण करतो, आणि पाणी तापलेले असेल तर ही हद्द आणखी खाली सरकते. मग प्रवाळ शैवालच बाहेर टाकते आणि पांढरे पडते. शिवाय समुद्रातले प्रवाळ काही पृष्ठभागावर तरंगत नाहीत. आपल्याच मालवणच्या किनाऱ्यावर ते गढूळ पाण्यात, गाळून आलेल्या उजेडावर वाढतात.

भंडाऱ्यासारख्या ठिकाणी दिव्याचा प्रश्न प्रकाशापेक्षा उष्णतेचा अधिक आहे. जिल्हा तलावांचा खरा, पण समुद्र दूर, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास. प्रवाळाला हवे २४ ते २७. अशा घरात २०० लिटरच्या टाकीवर २५० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा आठ तास लावला तर दोन युनिट वीज जळते. ती सगळी उष्णता पाण्यात उतरली असे धरले, तर तापमान साडेआठ अंशांहून अधिक चढेल. प्रत्यक्षात बरीचशी खोलीत पसरते, पण खोली आधीच तापलेली असते. ‘एलईडी थंड असतो’ हे उत्तर अर्धेच खरे. त्याने दिलेला उजेड पाण्यात, वाळूत, काचेत शोषला गेला की त्याचीही उष्णताच होते. फायदा आहे तो कमी वॅटमध्ये काम भागते याचा. तोच वॅट वाढवत नेला तर फायदा संपला. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घेऊ म्हणणाऱ्यांनी तो टाकीतली उष्णता त्याच खोलीत ओततो आणि वीज गेली की थांबतो, हे लक्षात घ्यावे. पाण्यावर पंखा सोडणे मे महिन्याच्या कोरड्या हवेत खरोखर उपयोगी पडते, उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने केली तर. जुलैच्या दमट हवेत तोच पंखा फारसा उपयोगी नाही.

‘पण कठीण प्रवाळांना तीव्र प्रकाश लागतोच’ हा शेवटचा आक्षेप. फांद्यांच्या काही जातींना २०० ते ३५० पार लागतो, हे मान्य. पण खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. ती समुद्रातून उचलणे किंवा विकणे गुन्हा आहे. म्हणजे जी पाळताच येत नाहीत, त्यांच्यासाठी दिवा घ्यायचा! मऊ प्रवाळे, मशरूम, झोअँथिड यांना साधारण ५० ते १५० पार पुरतो. हा आकडा खोक्यावरच्या ल्युमेनवरून कळत नाही, कारण ल्युमेन माणसाच्या डोळ्यासाठी मोजतात आणि डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला जास्त दाद देतो. शैवालाला मुख्यतः निळा लागतो, म्हणून डोळ्यांना मंद वाटणारा निळसर दिवाही पुरेसा असू शकतो. उलट निळ्या उजेडात प्रवाळ चमचमले म्हणजे ते निरोगी, असेही नाही. ती चमक रंगद्रव्यांची आहे. (दुकानदाराला ती आवडते, हे वेगळे सांगायला नको.)

तेव्हा दिवा घेताना वॅट विचारू नका. टाकीच्या तळाशी पार किती मिळतो आणि उजेड कमी-जास्त करता येतो का, एवढे विचारा. पहिले काही आठवडे तो निम्म्यावर ठेवा, आणि वाचलेल्या पैशांतून चांगला थर्मामीटर घ्या.